याला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय का?

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा माणूस काय काय बघतो, ते जरा बाजूला उभं राहून पाहा. दात बघतो. कपाळावरचे, मानेवरचे भोवरे बोटाने चाचपतो. चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर ‘पंचकल्याण’ म्हणून भाव चढतो. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी ही यात्रा १९९८ पर्यंत आमच्या धुळे जिल्ह्यात होती, आता नंदुरबारमध्ये गेली. मी तिथे बरेच सौदे ऐकलेत. ‘याला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय का?’ हा प्रश्न एकदाही ऐकला नाही.

आपल्याला गंजका पत्रा लागला की आई आधी दवाखान्यात पिटाळते. पण पाळीव जनावरांत धनुर्वाताचा सगळ्यात मोठा धोका घोड्याला. कुत्रा, मांजर बऱ्यापैकी तग धरतात, घोडा नाही. त्यात या जंतूचे बीजाणू मातीत असतात आणि घोड्याच्या लिदीतही. म्हणजे तो ज्यावर उभा राहतो, त्यातच.

हे मला कळलं ते पारोळ्याला, मावसभावाच्या लग्नाआधी दोन दिवस. वरातीच्या घोड्याचा मागचा पाय काटेरी तारेने फाटला होता, खुराच्या वीतभर वर. घोडेवाल्या काकांनी हळद आणि गाडीचं जळकं ऑइल लावलेलं. “काही नाही भाऊ, सुकेल.” ऑइलमुळे माश्या बसत नाहीत, हे खरंच आहे. पण खालची घाण आतच राहते आणि नवी येणारी कातडी भाजते.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी आधी जखमेभोवतीचे केस कापले आणि मग नुसतं धूत बसले. उकळून गार केलेलं पाणी, लिटरला ९ ग्रॅम मीठ. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. काका वैतागले, “साहेब, आता औषध लावा ना.” डॉक्टर म्हणाले, “हेच औषध चाललंय.” फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांनी बाजूला ठेवायला लावलं, ते जंतूंबरोबर चांगल्या पेशीही मारतं. पोव्हिडोन आयोडीन वापरलं, तेही पाणी घालून फिक्या चहाच्या रंगाचं.

घोड्याच्या पायाला गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. कातडी, मग लगेच कंडरा आणि हाड. रक्तपुरवठा कमी, म्हणून जखम रेंगाळते. कधी कधी तर नवं लाल मांस इतकं फोफावतं की जखमेच्या काठांवरून बाहेर येतं आणि कातडी त्यावर चढूच शकत नाही. मग ते कापावं लागतं.

आणि तरी ही उघडी, भेसूर दिसणारी जखम धनुर्वातासाठी सगळ्यात वाईट नव्हे. या जंतूला हवा चालत नाही. खुरात घुसलेला खिळा, वरून बुजलेलं बारीक भोक, तिथे त्याचं फावतं. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी कान ताठ होतात, शेपूट उचललेली राहते, डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा पुढे सरकतो, जबडा उघडेनासा होतो. तिथून वाचणं अवघड.

बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवलं की धनुर्वाताचा उतारा जनावराच्या रक्तात तयार होतो. पुढे तो माणसांसाठी घोड्यांच्या रक्तातून काढला गेला. आपल्याकडे सर्पदंशावरचं औषध आजही तसंच बनतं. हाफकिनचे घोडे त्यासाठीच पिंपरीत आहेत. शेतात नाग चावलेल्या माणसाला घोडा वाचवतो, आणि वरातीतला घोडा लसीशिवाय! मला हे हिशेबात बसत नाही.

या घोड्याला आधी कधीच लस नव्हती. म्हणून डॉक्टरांनी तयार प्रतिविष आणि लसीचा पहिला डोस अशी दोन इंजेक्शनं दोन वेगळ्या जागी दिली. दुसरा डोस चार आठवड्यांनी, मग दरवर्षी. “बाकीच्या तिघांनाही देऊन टाकू,” ते म्हणाले.

“त्यांना कुठे काय लागलंय?”

“लागल्यावर उशीर होतो काका.”

नवरदेव दुसऱ्या घोड्यावर बसला. काकांच्या मोबाइलमध्ये मी दुसऱ्या डोसचं रिमाइंडर लावून दिलं. त्यांनी मान हलवली, चुलीतला कोळसा उचलला आणि तबेल्याच्या पत्र्यावर तारीख लिहिली. खाली आकडा टाकला : ४.