वारा, छर्रा आणि तीन सेंटीमीटर

हामामात्सुच्या हिवाळ्यात बर्फ जवळजवळ नसतोच, पण वारा असतो. 'काराक्काझे' म्हणतात त्याला, म्हणजे कोरडा वारा. सैबेरियाकडून थंड हवा येते, वाटेत जपानच्या समुद्रावरचं बाष्प पिते, मधल्या डोंगरांवर त्याचा बर्फ टाकून मोकळी होते आणि उरलेला ठणठणीत वारा आमच्या अंगावर सोडते. सायकलवरून ऑफिसला जाताना सपाट रस्त्यावर खंबाटकी घाट चढल्यासारखं वाटतं.

आता गंमत अशी की मी वार्‍याचाच पगार खातो. डॉक्टरेट हवेच्या प्रवाहांवर केली आणि नोकरीही त्याच कामाची. त्यामुळे मिक्काबीचे आजोबा मला नावाने हाक न मारता "हाकासे-सान" म्हणतात. हाकासे म्हणजे डॉक्टरेटवाला विद्वान. यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

आजोबांची हामाना सरोवराच्या उत्तरेला मिकानची, म्हणजे जपानी संत्र्यांची बाग आहे. डिसेंबरात तोडणीला मी मदतीला जातो. मजुरी म्हणून दोन पेट्या मिकान मिळतात. बागेचा शत्रू म्हणजे हियोदोरी, आपल्या बुलबुलाचाच भाऊबंद. शेपटीसकट २८ सेंटीमीटरचा, करड्या रंगाचा आणि कर्कश. फळाला चोच मारून रस पितो की ते फळ बाद! १५ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी या हंगामात परवानाधारकाला त्याची शिकार करता येते आणि आजोबांकडे छर्‍याची बंदूक आहे.

छर्‍याची बंदूक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जत्रेतले फुगे आले असतील. माझ्याही आले होते. इथे मात्र बंदूक बाळगायला पोलिसांमार्फत परवाना, शिकारीला वेगळी परीक्षा, घरात कुलूपबंद लोखंडी कपाट असा सगळा थाट असतो. मी नुसती हातात धरली तरी कायदा मोडतो, म्हणून आजोबा मला तिला बोटही लावू देत नाहीत. आपल्याकडे तर १९७२ च्या कायद्याने शिकारच बंद आहे. शिवाय ज्या घरात अंडं ओट्यावर चढत नाही, त्या घरातला मी. तरीही गेल्या हिवाळ्यात आजोबांनी प्रश्न विचारला आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

प्रश्न असा : "माझी बंदूक ५.५ मिलिमीटरची आहे. वार्‍यात छर्रा वाहवतो. ६.३५ ची घेऊ का?"

मंडळी, थोडं गणित सहन करा. हा छर्रा शिशाचा असतो, कमरेत बारीक, अगदी डमरूसारखा. आपल्याला वाटतं की तो जितका वेळ हवेत तितका वारा त्याला ढकलतो. तसं नसतं. हवेच्या अडथळ्यामुळे त्याला जितका उशीर होतो, त्या उशिराला वार्‍याच्या वेगाने गुणायचं. समजा ४.५ मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमहून थोडा जड छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटला. हवा नसती तर त्याने ५० मीटर ०.२०८ सेकंदात कापले असते. हवेत त्याला सुमारे ०.२४३ सेकंद लागतात. उशीर ०.०३५ सेकंद. आडवा वारा सेकंदाला ३ मीटर असेल तर छर्रा १० सेंटीमीटर सरकतो.

याच वेगाने ५.५ चा एक ग्रॅमचा छर्रा सोडला तर तो ८ सेंटीमीटर सरकतो आणि ६.३५ चा सुमारे १.६ ग्रॅमचा साडेसहा. जाड छर्‍याला हवा जास्त लागते, पण त्याचं वजन त्याहून जास्त वाढलेलं असतं, म्हणून त्याचा वेग कमी घटतो.

म्हणजे मोठी नळी चांगली? थांबा. हा हिशोब सुटतानाचा वेग सारखा धरून केला आहे. बंदुकीची ताकद सारखी धरली, तर लहान छर्रा वेगाने सुटतो आणि मोठा रेंगाळतो. साधारण २१ ज्यूलला ४.५ चा छर्रा २८० मीटरने सुटतो आणि ५.५ चा २०५ ने. दोघेही ५० मीटरवर नऊ-साडेनऊ सेंटीमीटर सरकतात. सगळा फायदा साफ! मोठ्या छर्‍याचा उपयोग व्हायचा तर त्याच्यामागे तेवढा दमही लागतो.

मी हे सगळं आजोबांना कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, "बागेत करून बघू."

जानेवारीतला रविवार. ४० मीटरवर, मागे डोंगराचा चढ असलेल्या झाडावर हियोदोरी बसला होता. मी हातातला वारामापक वर धरला. सेकंदाला ५ मीटर. पटकन सांगितलं, "साडेआठ सेंटीमीटर, वार्‍याच्या बाजूला." आजोबांनी दुर्बिणीतून नेम धरला, श्वास सोडला आणि चाप ओढला.

नेमका त्या क्षणी वारा पडला. माझ्या हातातला आकडा ३ वर आला होता. ३ मीटरला छर्रा पाचच सेंटीमीटर सरकतो. म्हणजे साडेतीन सेंटीमीटर चूक. पाखराचं मर्मस्थान जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचं. छर्रा पंखात लागला. ते धडपडत कुंपणाच्या दाट झाडीत शिरलं.

आजोबा एक शब्द बोलले नाहीत. बंदूक रिकामी करून म्यानात घातली आणि झाडीत शिरले. आम्ही तासभर शोधत होतो. शेवटी ते मुळांशी सापडलं, जिवंत होतं. आजोबांनी त्याला सोडवलं आणि हात जोडले. मीही जोडले. माझा आकडा चुकला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. मी मोजलेला वारा संपून गेला होता आणि छर्रा दुसर्‍याच वार्‍यातून गेला होता.

त्या रात्री मी पुन्हा कागद घेतला. वार्‍याच्या अंदाजात २ मीटरची चूक होणार हे गृहीत धरलं. ४० मीटरवर ५.५ ला ती साडेतीन सेंटीमीटरला पडते. ६.३५ घेतली तरी पावणेतीनच्या पुढेमागे. पण ५.५ च घेऊन २० मीटरपर्यंत जवळ गेलं तर? एक सेंटीमीटरही नाही!

पुढच्या रविवारी आजोबांना हा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला. म्हणाले, "वडील सांगायचे, पानं हलली तर वीस पावलांवर जा. फांदी हलली तर बंदूक घरी ठेव. त्या दिवशी फांदी हलत होती, हाकासे-सान. तुमचं यंत्र बघण्याच्या नादात मी फांदी बघितली नाही."

नवी बंदूक त्यांनी घेतली नाही. त्या पैशांत जाळी आणली आणि आम्ही दोघांनी ती दिवसभर झाडांवर चढवली. वारा सुटला होता, जाळी सारखी हातातून निसटत होती. तो किती होता ते मी मोजलं नाही.