पान्याचा शब्द

न वापरलेले हत्यार आहे तसे राहते, अशी आमची समजूत होती. पुस्तकांच्या बाबतीत ही समजूत कसरीने केव्हाच खोटी पाडली होती. लोखंडाच्या बाबतीत ती गेल्या जानेवारीपर्यंत टिकून राहिली.

वडील कऱ्हाडजवळच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या पेटीतून आमच्याकडे आलेल्या वस्तूंत एक टॉर्क रेंच आहे. हातभर लांबीचा पाना, त्यावर ४० ते २०० न्यूटन-मीटरच्या खुणा. मूठ फिरवून हवा तो आकडा लावायचा आणि नट आवळत जायचे. तेवढा पीळ बसला की आतून ‘कट्ट’ असा आवाज येतो, हाताला बारीक झटका जाणवतो, आणि तिथे थांबायचे. मूठ फिरवली की आतली स्प्रिंग कमीजास्त दाबली जाते. सारा हिशेब त्या स्प्रिंगवर चालतो.

साहित्याचा मास्तर ह्या वस्तूवर का भाळला, हे सांगायला हवे. नैयायिकांनी चार प्रमाणे मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पैकी शब्द प्रमाण ठरतो तो बोलणारा आप्त, म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा, असेल तरच. नट किती आवळला गेला हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आम्ही ते ‘कट्ट’ आप्तवाक्य मानले, आणि बोलणाऱ्याची चौकशी कधी केली नाही.

त्या रविवारी मुलगी घरी आली होती. ती चिपळूणला नोकरी करते. तिच्या गाडीची पुढची चाके मागे व मागची पुढे करण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले. गाडीच्या पुस्तिकेत चाकांच्या नटांसाठी ८५ न्यूटन-मीटर असा आकडा होता. तो लावला, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले, प्रत्येक नटाने ‘कट्ट’ अशी ग्वाही दिली. सोमवारी पहाटे पाचला मुलगी कुंभार्ली घाटाच्या वाटेने निघाली.

सात वाजता पाना पुसून पेटीत ठेवताना खालचे घडी घातलेले माहितीपत्रक हाती लागले. काम झाल्यावर मूठ सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावी, असे त्यात स्पष्ट छापलेले होते. त्याहून खाली मात्र नेऊ नये, आतले भाग जागचे हलतात. स्प्रिंग दीर्घकाळ दाबलेली राहिली तर तिचा जोर ओसरतो. आदल्या दिवशी पाना बाहेर काढला तेव्हा मूठ १६० वर होती, हे आम्हांला चांगले आठवत होते.

मनात पहिला विचार आला तो वडिलांचा. अखेरच्या वर्षांत त्यांना विसर पडू लागला होता. त्यातलेच हे असावे. मग पेटीच्या झाकणाकडे लक्ष गेले. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने त्यांनी ‘४०’ असा आकडा रंगवलेला आहे. इतकी वर्षे आम्ही तो पेटीचा क्रमांक समजत होतो. आणि १६०? २०१४ साली चुलतभावाच्या ट्रॅक्टरसाठी पाना नेला होता तो आम्हीच. त्यानंतर पेटी उघडलीच नव्हती. म्हणजे स्प्रिंग अकरा वर्षे दाबलेल्या अवस्थेत पडून होती. हयात विद्यार्थ्यांना ‘नीट वाचा’ म्हणण्यात गेलेल्या माणसाने दोन अंकी मजकूर वाचला नव्हता.

फोन लागेना. घाटात तो बहुधा लागत नाही. हातावर हात धरून बसवेना, म्हणून गल्लीतल्या वाण्याकडून दहा-दहा किलोची दोन लोखंडी वजने आणली. त्या वजनांच्या पोटात शिसे ओतलेले असते व त्यावर सरकारी तपासणीचा ठसा असतो. घरात खात्रीची अशी दुसरी वस्तू नव्हती. पान्याचे चौकोनी टोक परसातल्या व्हाइसमध्ये पकडले, पाणसळ लावून दांडा आडवा केला, वजने पिशवीत घालून दोराने मुठीवर टांगली आणि दोर हळूहळू बाहेर सरकवत नेला. २० किलोचा भार सुमारे १९६ न्यूटन. त्याला टोकाच्या मध्यापासूनच्या अंतराने गुणले की पीळ मिळतो. पान्याच्या स्वतःच्या वजनाचे तीनेक न्यूटन-मीटर त्यात मिळवायचे. पाना खरा असेल तर ८५ ला लावल्यावर तो सुमारे ४२ सेंटिमीटरवर बोलायला हवा.

पहिल्या खेपेस तो ४० वर बोलला. हिशेब ८२ च्या आसपास गेला. अशा पान्याला चार टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे तो जेमतेम उत्तीर्ण होता, आणि आम्ही तिथेच थांबणार होतो. परंतु जुने ग्रीस सुकलेले असते व आरंभीचे आवाज उशिरा येतात, म्हणून पाच-सहा वेळा पाना चालवून मगच मोजावे, असेही पत्रकात होते. तसे केले. दोर मागे मागे येत ३६ वर स्थिरावला. ७४.

मुलीचा फोन साडेआठला लागला. ती पोहोचली होती. सगळे ऐकून म्हणाली, “बाबा, पण तुम्हीच म्हणालात ना, आवाज आला म्हणून?” ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. पंक्चरवाल्याने साधा चाकपाना लावून पायाने दाबले, तेव्हा सोळाही नट थोडे थोडे फिरले. पायाचा दाब हे काही माप नव्हे. फार आवळलेला नटही आटे बिघडवतो. त्या सकाळी मात्र आम्ही त्या पायाचे मनापासून आभार मानले.

पुढे पाना पुण्यातल्या एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला. तिथे तो ४०, १२० व २०० अशा तीन ठिकाणी प्रत्येकी पाच वेळा तपासला गेला. आला त्या अवस्थेत १२० ला लावलेला पाना १०४ च्या सुमारास बोलत होता; आमच्या पिशवी-दोराचे उत्तर फारसे चुकले नव्हते, ह्याचे थोडे समाधान वाटले. अशा पान्यांसाठीच्या ‘आयएसओ ६७८९’ ह्या आंतरराष्ट्रीय मानकाचा रिवाज असा, की पाच हजार वेळा वापर किंवा बारा महिने, जे आधी होईल तेव्हा पुन्हा तपासणी. आमचा पाना पाच हजारांचा आकडा सात जन्मांत गाठणार नाही. दिनदर्शिकेची अट आहे ती अशा आळशी पान्यांसाठीच.

पडून राहण्याने माप निसटते, ही तक्रार थोरामोठ्यांचीही आहे. पॅरिसजवळ सेव्हर येथे ठेवलेल्या धातूच्या दंडगोलावरून १८८९ पासून जगाचा किलोग्रॅम ठरत असे. तो क्वचितच बाहेर काढत. १९८८ ते १९९२ ह्या काळात त्याची त्याच्या प्रतींशी तुलना झाली, तेव्हा सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक दिसला. दंडगोल हलका झाला की प्रती जड झाल्या, हे सांगण्याची सोय नव्हती, कारण किलोग्रॅम म्हणजे तोच. २०१९ च्या मे महिन्यात ती व्याख्या बदलून प्लांकच्या स्थिरांकावर नेली गेली. भारताची प्रत, क्रमांक ५७, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. वाण्याच्या वजनावरचा ठसा परंपरेने तिथवर पोहोचतो.

पाना दुरुस्त होऊन परत आला आहे. मूठ ४० वर आणून ठेवली. प्रमाणपत्राची घडी झाकणातल्या आकड्याखाली खोचली आहे, आकडा झाकणार नाही अशी. मुलगी होळीला आली, तेव्हा तिने न विचारता पेटी उघडून आधी मूठ पाहिली.