पाताळमार्गे येणाऱ्या पुतण्यास



तुझा कालचा मजकूर काकूने मला दोनदा वाचून दाखविला, आणि दोन्ही वेळा ‘कोणीही न्यायला येऊ नका, आता मेट्रो थेट गिरगावात येते, माझा मी येईन’ या वाक्यापाशी ती अडखळली. तिला त्यात आमच्या गुडघ्यांविषयीची तुझी काळजी दिसली. मला मात्र, खरे सांगतो, राग आला. ज्या घरातली अकरा माणसे दादाला पोचवायला १९७१ साली दोन फियाट टॅक्सींत कोंबून सांताक्रूझला गेली आणि रात्री नऊच्या विमानासाठी दुपारी तीनपासून ताटकळत उभी राहिली, त्या घरावर तू ‘येऊ नका’ असे फर्मान काढावेस? वहिनींनी ओटीचा नारळ त्या दिवशी कुठे ठेवला आणि तो कुठे सापडला, हे तू शंभरदा ऐकले आहेस. तो विषय आता नको.

तुझ्या बेताची आता तपासणी करू. मेट्रो आली, हे खोटे नाही. आरेपासून कफ परेडपर्यंतची साडेतेहतीस किलोमीटरांची, जवळजवळ सगळीच भुयारी अशी ही वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरती खुली झाली. टर्मिनल दोनपाशी तिचे स्थानक आहे, गिरगावात आहे, आणि ७० रुपयांहून अधिक भाडे त्या मार्गावर कोठेही पडत नाही. परंतु तुझे विमान उतरणार रात्री पावणेदोनला, आणि शेवटची गाडी सुटते साडेदहाच्या सुमारास. पहाटेपर्यंत तुला तिथे कुलूपच भेटेल. दोन पदव्या घेतल्यास, पण वेळापत्रक पाहण्याची बुद्धी काही झाली नाही! मग तू रिक्षा धुंडाळशील, ती तुझी जुनीच खोड. पण रिक्षाला माहीमच्या खाडीपलीकडे मज्जाव आहे, आणि भर मध्यरात्री दोन पेट्यांसह वांद्र्याला उतरून पुन्हा दुसऱ्या वाहनाची मनधरणी करण्याचे तुझे वय राहिलेले नाही.

तेव्हा काळीपिवळी टॅक्सीच बरी. (फियाट मात्र शोधू नकोस, पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून कायमची उतरली.) प्रीपेडच्या खिडकीवर पैसे भरावेत, पावतीवरचा गाडीचा क्रमांक ताडून पाहावा, आणि ती पावती आपल्या दारात उतरल्याशिवाय चालकाच्या हाती देऊ नये.

आता रस्ता कोणता, हा खरा प्रश्न. चालक तुला सागरी सेतूवर घालील, तिथून किनारी रस्त्यावर, आणि मलबार हिलच्या पोटातल्या दोन किलोमीटरांच्या बोगद्यातून चौपाटीपाशी बाहेर काढील. म्हणजे मेट्रो चुकली तरी पाताळ काही चुकत नाही! बाळ, उंदीर बिळात शिरतो तसे माणसाने आपल्या गावात शिरू नये. वेशीवर पाऊल ठेवताना वेस दिसली पाहिजे, एक वास संपून दुसरा सुरू होताना नाकाला कळले पाहिजे, आणि आपण किती दिवसांनी परतलो याची थोडी लाज वाटण्यापुरता तरी वेळ वाटेत जायला हवा. त्यातला एक वास तर गेलाच: पार्ल्याच्या फाटकाशी गाडी आली की ताज्या बिस्किटांच्या घमघमाटाने दादाची झोप मोडत असे, तो कारखाना २०१६ साली बंद झाला, आणि हल्ली मी पार्ल्यावरून जातो तेव्हा नाक उगाचच फुगवून पाहतो. माहीमची खाडी मात्र अजून जागेवर आहे, आणि तिचा वासही.

त्या खाडीवरून ये, एवढेच माझे मागणे. लेडी जमशेटजींनी आपल्या पदरच्या १,५७,००० रुपयांनी तो बांध घालून दिला. १८४५ साली लोक त्यावरून चालू लागले, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून जकात घेऊ नये असे त्या बाईंनी कंपनी सरकारकडून आधीच कबूल करून घेतले होते. सेतूवर कधी टोल मोजशील तेव्हा त्या माउलीची आठवण ठेव. माहीमच्या देवळाशी, म्हणजे त्या मोठ्या चर्चशी, दादा चालकाला नेहमी गाडी सावकाश घ्यायला सांगत असे, आणि मग हाजी अलीपर्यंत कोणाशी अक्षर बोलत नसे. का, ते मी कधी विचारले नाही. त्याच्या शेवटच्या खेपेलाही आम्ही त्याच रस्त्याने आलो. मी तेव्हा पुढे बसलो होतो, म्हणून त्याचे तोंड मला दिसले नाही.

गळपट्टा हातातल्या पिशवीत ठेव, पेटीत नको. विमानात झोप लागली नाही तर झोपेची गोळी घेऊ नकोस. उतरल्यावर फोन चालला नाही तरी घाबरून जाऊ नकोस, कारण सगळी तजवीज झाली आहे: मी इथून रात्री नऊच्या मेट्रोने निघेन (हसू नकोस, त्या वेळी तिला कुलूप नसते), आणि टर्मिनलच्या बाहेर कठड्यापाशी उभा राहीन. पावणेदोन म्हणजे पेट्या मिळेपर्यंत अडीच. चार-पाच तासांचे मला काही विशेष नाही. काकू थर्मासमध्ये चहा देणार आहे, आणि घडीची खुर्चीही ने म्हणते. खुर्ची मी नेणार नाही. तिथे बसलेला माणूस गर्दीत दिसत नाही.

तुझा,
नानाकाका