जीना

माणसांच्या नावांचे अर्थ उकलीत बसण्याचा मला जुना नाद आहे. कोणी नाणी जमवतो, कोणी तिकिटे. मी नावे जमवतो. त्यातले एक मात्र नुसत्या हौसेने जपावे असे नाही. ते कुर्दी मुलीचे नाव आहे : जीना.

त्यातला ‘ज’ आपल्या जिभेला नीट साधत नाही. तो ‘झ’ आणि ‘श’ यांच्या मधे कोठेतरी रेंगाळतो. अर्थ मात्र अगदी घरचा. कुर्दीत ‘जीन’ म्हणजे जिणे. आपले जिणे आणि त्यांचे जीन ही एकाच प्राचीन मुळाची पालवी. बाईला ते ‘जिन’ म्हणतात; वेदांतली ‘जनि’ ही तिची सख्खी बहीण. या दोन शब्दांची मुळे निराळी, असे भाषापंडित सांगतात. पण कुर्दी कानाने त्यांची गाठ केव्हाच मारली आहे. बाई आणि जिणे यांत अंतर ते काय, एका ऱ्हस्व-दीर्घाचे!

इराणमधल्या कुर्दांच्या मुलखात सक्केझ नावाचे गाव आहे. तिथल्या एका मुलीचे सरकारदप्तरी नाव होते महसा अमीनी. महसा म्हणजे चंद्रासारखी. फारसी नाव, आणि गोडच. पण घरची माणसे तिला जीना म्हणत. तिकडे कुर्दी नावे नोंदवताना पुष्कळदा अडवणूक होते. मग एक नाव कागदाचे आणि एक अंगणातले!

आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि माहेरची हाक उंबऱ्याबाहेर राही. बारशाला आत्याने कानात सांगितलेले नाव मागे टाकणे म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.

१३ सप्टेंबर २०२२ रोजी तेहरानमध्ये नीतिरक्षक पोलिसांनी डोक्यावरच्या वस्त्रावरून जीनाला धरून नेले. १६ तारखेला ती गेली. दुसऱ्या दिवशी सक्केझच्या दफनभूमीत बायकांनी आपले रुमाल उतरवले आणि कुर्दी स्त्रियांच्या चळवळीतली जुनी घोषणा उठली : ‘जिन, जियान, आझादी’. बाई, जीवन, स्वातंत्र्य. पुढे तीच घोषणा फारसीतून साऱ्या इराणभर गेली.

२०२३ साली युरोपीय संसदेने साखारोव्ह पारितोषिक तिला मरणोत्तर आणि त्या चळवळीला दिले. तेव्हा नाव लिहिले गेले ते असे : जीना महसा अमीनी. घरची हाक पुढे, दप्तरातले नाव मागे. हाक मारणारी आई ते वाचून काय म्हणाली असेल, हे विचारण्याचे धैर्य मला होत नाही.