न वितळता

सिलतऱ्यात तुळशीला पाणी घालण्याआधी तिची पानं पुसावी लागतात. ओल्या फडक्याने एकेक पान पुसलं की खालचा हिरवा रंग उजळतो आणि फडकं काळं होतं. रायपूर-बिलासपूर रस्त्यालगतच्या या वसाहतीत स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, त्यांची काजळी घराघरांत उतरते. दार लावून घेतलं म्हणून शेजारचा धूर बाहेर राहत नाही, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या कामगाराचा हात कामावर भाजला. बायको त्याच्याजवळ दवाखान्यात, दोन पोरं घरी. पोरांचं जेवण, दवाखान्यातला डबा, औषधं असं सगळं मी अंगावर घेतलं. आठव्या दिवशी आईच्या गोळ्यांचं पाकीट हाती आलं. रक्तदाबाच्या पाच गोळ्या तशाच होत्या. "चक्कर येते गं," असं ती दोनदा म्हणाली होती आणि मी चपला घालता घालता "आलेच" म्हणून निघून गेले होते.

शेजारणीला हे कळलं तेव्हा तिने माझ्या हातातला डबा काढून घेतला. "पहिली अपन घर ला देखव, दीदी." आवाजात राग नव्हता, काळजी होती. ज्याच्यासाठी आपण धावतो त्यालाही आपलं घर उभं असलेलं हवं असतं, हे मला तिने शिकवलं. दुसऱ्या दिवसापासून डबा चार घरांत वाटला गेला. माझ्याकडे सोमवार आणि गुरुवार आले.

माझे यजमान इथल्याच स्पंज आयर्नच्या भट्टीवर आहेत. लोहखनिज आणि कोळसा लांबलचक फिरत्या भट्टीत घालतात, आत हजार अंशांच्या आसपास आच असते. त्या आचेत खनिजातला प्राणवायू निघून जातो, पण लोखंड वितळत नाही. खडा खडाच राहतो, फक्त आत बारीक बारीक छिद्रं पडतात. तापलेला माल लगेच उघड्यावर काढत नाहीत, हवा लागली तर पेट घेईल. बंद नळकांड्यात, बाहेरून पाणी सोडून, तो आधी निववतात. हे सारं मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलं होतं. त्या आठवड्यानंतर मात्र ते माझ्याबद्दलच सांगताहेत असं वाटलं. दुसऱ्याच्या दुःखाने तापावं, आत छिद्रं पडू द्यावीत, पण आपला आकार सोडू नये. आणि निवायला वेळ घ्यावा.

घर आणि बाहेर यांच्यातली अशीच ओढाताण सोसलेले पत्रकार माधवराव सप्रे इथल्याच रायपुरात राहिले. १९०८ साली 'हिंदी केसरी'तल्या लेखनासाठी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, आणि थोरल्या भावाच्या हट्टापुढे माफी लिहून देऊन ते सुटले. ती सल घेऊन ते पुढे रायपुरात विरक्तासारखे राहिले आणि त्यांनी 'दासबोध' हिंदीत आणला. देश आणि घर यांच्यात ओढल्या गेलेल्या माणसाने नेमका तोच ग्रंथ हाती घ्यावा, ज्यात समर्थ आधी प्रपंच नेटका करायला सांगतात आणि परमार्थही सोडू देत नाहीत, याने माझं मन भरून येतं.

शेजाऱ्याचा हात अजून पुरता वळत नाही. आज सोमवार. तुळशीची पानं पुसली, आईच्या तळहातावर गोळी ठेवली, तिने ती घेईपर्यंत समोर बसले. मग डबा उचलला.