लेकीच्या घरातलं जुनं पिस्तूल



उन्हाळ्यात वाळवणांबद्दल लिहून गेले ती गेलेच. मधले सहा महिने मी ह्यूस्टनला धाकट्या लेकीकडे होते. तिथलं मंदिर, तिथली भाजी, नातवाचं मराठी, यावर लिहीन असं सांगितलं होतं. पण ज्याबद्दल कुणाला सांगितलंच नाही, तेच आधी लिहून मोकळी होते.

लेक फार्मसिस्ट आहे. घरात ती आणि नऊ वर्षांचा माझा नातू, दोघंच. मी मे महिन्यात पोचले. जूनमध्ये तिचा वाढदिवस झाला, तेव्हा पाकिटात घालून 500 डॉलर दिले. स्वतःसाठी काहीतरी घे, घरखर्चात घालू नकोस, असं बजावूनही दिले.

त्यानंतर पंधरा दिवसांत तिच्या दुकानात एक माणूस शिरला. त्याला वेदनाशामक गोळ्या हव्या होत्या, त्या तिकडे नशेसाठी विकल्या जातात. त्याने शर्ट वर करून कमरेचं पिस्तूल नुसतं दाखवलं. तिने गोळ्या दिल्या. जाताना त्याने तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि नाव घेऊन थँक्यू म्हणाला. पोलिस आले, सगळं रीतसर झालं. पण त्याने नाव घेतलं, ते तिच्या मनातून जाईना. रात्री दोन-दोनदा कड्या तपासायची.

जुलैत तिच्या टेबलाच्या खणात मला एक पावती सापडली. शोधत नव्हते. पण बी.कॉम. झाल्यापासून पावती दिसली की वाचायची ही माझी खोड आहे, ह्यांनीही तिला कधी हरकत घेतली नाही. ग्लॉक 19, वापरलेलं, 420 डॉलर. सव्वाआठ टक्के कर धरून 454.65. खाली गोळ्यांच्या दोन डब्या. एकूण पाचशेला दोन-तीन डॉलर कमी.

मी पावती तशीच परत ठेवली आणि दुपारभर भेंडी चिरत बसले.

आपल्याकडे अनर्थदंडविरती व्रत आहे. त्यात पाच गोष्टी टाळायच्या, त्यातली एक हिंसादान. शस्त्र, विष, अग्नी, कुदळ, जे जे जिवाला अपाय करेल ते दुसऱ्याला देऊ नये. शेजारणीला विळी देतानाही माझ्या सासूबाई हातात देत नसत, ओट्यावर ठेवत. आणि माझ्या पैशाचं पिस्तूल आलं होतं. मला माहीत नव्हतं, हे खरं. पण कळल्यावर काय?

संध्याकाळी विचारलं. ती रडलीबिडली नाही. म्हणाली, "आई, तूच शिकवलंस ना चार हिंसा? संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. श्रावकाला संकल्पी सोडायची. घरावर कोणी चालून आलं तर ती विरोधी."

पाठशाळेत पाठ करून घेतलेलं असं अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "विरोधी हिंसा चालून आल्यावरची. तू तर आधीच दुकानात जाऊन विकत आणलीस."

"मग तो आल्यावर दुकानात जाऊ का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही फारसं नाही.

दुसऱ्या दिवशी नातू शाळेत गेल्यावर म्हणाली, बघून तरी घे, म्हणजे भीती कमी होईल. आणि लगेच म्हणाली, हात मात्र लावायचा नाही. मी म्हटलं, लावणार कोण आहे! तर म्हणे धर्माचं नव्हे, कायद्याचं सांगतेय. व्हिझिटर व्हिसावर आलेल्या माणसाने तिथे बंदूक किंवा गोळी बाळगणं हा केंद्र सरकारचा गुन्हा आहे. शिकारीचा परवाना असला तर सूट. मी आणि शिकार! माझा धर्म आणि त्यांचा कायदा निदान एवढ्यापुरते एका बाजूला आले, म्हणून जरा बरं वाटलं. ती नागरिक झालेली असल्यामुळे तिला घेता आलं. एक फॉर्म भरला, दुकानदाराने एफबीआयकडे नाव तपासून घेतलं, काही मिनिटांत होकार आला. टेक्सासमध्ये थांबावं लागत नाही, नोंदणीही नाही.

आमच्या सासऱ्यांकडे बारा बोअरची बंदूक होती, उसातल्या डुकरांना आवाज करायला. परवान्याचं नूतनीकरण, निवडणूक लागली की पोलिस ठाण्यात जमा, नंतर पावती दाखवून परत. शेवटी कंटाळून त्यांनी ती कायमची जमा केली. इथे लेकीला गाडीच्या कागदांना जास्त वेळ लागला होता.

मी टेबलाच्या या टोकाला, ती त्या टोकाला. तोंड भिंतीकडे. काळं, चौकोनी, अजिबात शोभा नसलेलं. खालचं अंग प्लास्टिकचं, वरची स्लाइड पोलादी. कंपनी ऑस्ट्रियाची. हे मोठ्या पिस्तुलाचं आखूड भावंड, 1988 सालापासून निघतं. मॅगझीनमध्ये 15 गोळ्या बसतात. मी विचारलं, याची कडी कुठे? म्हणजे बंद करायचा खटका. तर बाहेरून खटका नाहीच. चापाच्या मध्ये एक छोटी पट्टी आहे, बोट नीट चापावर आल्याशिवाय तो मागे जात नाही. आत आणखी दोन अडसर, हातातून पडलं तरी उडू नये म्हणून. पण बोट चापावर आलं की सगळे अडसर एकदम सुटतात. म्हणजे कडी काय ती आपल्या बोटातच.

जुनं का घेतलंस, विचारलं. नवं दीडशे डॉलरने महाग होतं. आणि हे एका पोलिस खात्याचं होतं. खाती नवी पिस्तुलं घेताना जुनी दुकानदाराला देऊन टाकतात. नळीच्या टोकाशी दोन्ही कडांचा काळा रंग उडाला होता, रोज कातडी म्यानात घालून-काढून. आतून मात्र फारसं झिजलेलं नव्हतं. पोलिस ते रोज बाळगतात, उडवतात क्वचित. नेम धरायच्या ठिपक्यांत ट्रिशियम असतं, ते अंधारात आपोआप चमकतं. सुमारे बारा वर्षांत त्याची चमक निम्मी होते. हिचे ठिपके अगदी मिणमिणते होते. जुनी वस्तू घेताना मी शिलाई मशीनचंही असंच बघते, रंग गेला तरी चालेल, दाते बघा. आत एक स्प्रिंग असते, ती तिने लगेच नवी बसवली.

एक गोष्ट मला मुळीच आवडली नाही. साफ करायला हे उघडताना चाप ओढावाच लागतो. आत गोळी राहिली असेल तर ती तिथेच सुटणार. म्हणून मॅगझीन काढायचं, स्लाइड मागे ओढायची, नळीत डोळ्यांनी बघायचं, बोट घालून बघायचं, परत सगळं पहिल्यापासून. तिने तीनदा केलं. मी चौथ्यांदा करायला लावलं.

शनिवारी तिचा वर्ग असायचा. मी काचेच्या अलीकडे बसायचे, कानावर ते मोठे गोल लावून. शिकवणारी बाई माझ्याच वयाची, पांढऱ्या केसांची. तिचे चार नियम भिंतीवर लिहिलेले होते. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजा. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे तोंड करू नका. नेम धरेपर्यंत बोट चापापासून लांब. समोर काय आहे आणि त्याच्यामागे काय आहे ते ओळखा. मला आपली आदाननिक्षेपण समिती आठवली, वस्तू उचलताना-ठेवताना बघून उचलावी, बघून ठेवावी. हे लिहू की नको असा विचार केला. मुनिमहाराज कमंडलू ठेवतात त्याच्याशी पिस्तुलाची बरोबरी करतेय असं कुणाला वाटेल. तसं नाही. पण आठवली, हे खरं.

आता ऑगस्टमधली रात्र. दशलक्षण पर्व तोंडावर आलं होतं. मी चारला उठते, सामायिक होईपर्यंत मौन पाळते, आणि दिवा लावत नाही. दिव्यावर पाखरं येतात. ह्यूस्टनच्या दमट हवेत तर फारच येतात. चाळीस वर्षांत अंधारात वावरायची सवय झालीय. त्या पहाटे चटई घ्यायला बाहेरच्या खोलीत गेले आणि स्टीलचा तांब्या पायाने उडवला. फरशीवर त्याचा केवढा आवाज झाला. आतून लेकीने इंग्रजीत विचारलं, कोण आहे? मी मौनात. तिने परत विचारलं, जरा मोठ्याने. मी तांब्या चाचपडत होते.

मग डोळ्यांवर टॉर्च.

तिच्या डाव्या हातात टॉर्च, उजव्या हातात ते. तोंड जमिनीकडे. बोट चापावर नव्हतं, बाजूला सरळ ताणलेलं होतं. एवढ्यात मला ते दिसलं, आणि ते सरळ बोट मी अजून विसरलेले नाही. "आई?" म्हणाली आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

मौन मोडून मी म्हटलं, "मी आहे गं, मीच."

तिचे हात थरथरत होते, पण मॅगझीन काढलं, स्लाइड ओढली. आतली गोळी टप्कन बाहेर पडली आणि घरंगळत सोफ्याखाली गेली. नातू उठायच्या आत ती सापडायला हवी होती. पहाटे साडेचारला आम्ही मायलेकी गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली बघत होतो. मी आपल्या मऊ कुंचलीने ती बाहेर ओढली, हाताला न लावता. तिने उचलली. तेव्हा तिला हसू आलं, आणि मग रडू आलं, जूनपासूनचं सगळं.

एका पाखराचा जीव वाचावा म्हणून मी दिवा लावला नव्हता, आणि त्या अंधारात लेकीच्या हातून आई गेली असती. त्या दिवशी एकाशन केलं. पाखरांसाठी की लेकीसाठी की पाचशे डॉलरसाठी, ते मला वेगळं करता आलं नाही. दुसऱ्या रात्रीपासून मी बोळात प्लगमध्ये बसणारा छोटा दिवा लावला, आणि उठल्यावर खोलीच्या दारातूनच "मी उठलेय गं" असं म्हणून मग मौन धरायला लागले.

दुसरी गोष्ट केली ती हिशेबाची. तिच्या वहीत नोंद फिरवली. आकड्यांची तिजोरी 189, वर्ग 125, कानाचं-डोळ्यांचं सामान 60, एकूण 374 माझ्या नावावर. उरलेल्या 126 मध्ये नातवाचं सायकलचं हेल्मेट आणि मंदिरातलं दान. पिस्तूल आणि गोळ्या तिच्या नावावर. ती म्हणाली, "आई, पैशाला नाव असतं का?" नसतं, हे मला कॉलेजपासून माहीत आहे. तरी नोंद फिरवली.

तिजोरीबद्दल मात्र मी हटून बसले होते. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं टेक्साससारख्या राज्यातही गुन्हा आहे. पण मला कायद्यापेक्षा नातवाचा स्वभाव माहीत आहे. आम्ही लपवलेला प्रत्येक लाडू त्याने शोधलाय. तिजोरीचे आकडे त्याच्या किंवा तिच्या जन्मतारखेचे नकोत, एवढं बघितलं. मला काय आहेत ते सांगू नकोस म्हणून सांगितलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला परत आले. दर रविवारी फोनवर जेवण, शाळा, खोकला झाल्यावर मी विचारते, कपाट बंद आहे का? बॅटरी बदललीस का? ती म्हणते, हो गं.

मागच्या रविवारी मात्र तीच म्हणाली की नव्या ठिकाणी नोकरी लागतेय, तिथे दाराशी पहारेकरी असतो, आता झोपही लागते, तर ते विकून टाकावं का? तीनशे तरी येतील. मला आनंद व्हायला हवा होता. तोंडातून निघालं, "कुणाला विकणार?"

तिकडे एकाच राज्यातल्या माणसाने माणसाला विकलं तर कसली तपासणी लागत नाही. दुकानदाराला दिलं तर पुढच्या गिऱ्हाइकाची लागते. म्हणून दुकानदार बरा, पैसे कमी आले तरी चालतील, असं मी म्हटलं. पण त्याच्याकडून ते कुठल्या घरी जाईल, त्या घरात कोण अंधारात उठतं, तिजोरी आहे की उशीखाली, ते आपल्याला कळणार नाही. पोलिसांनी मोडीत घ्यावं असा काही मार्ग आहे का ते बघ म्हटलं. ती म्हणाली, मग तीनशे गेले. मी म्हटलं, माझ्या नावावर टाक.

ती चौकशी करून सांगणार आहे. तोवर ते तिजोरीत आहे, आणि बॅटरी दिवाळीत बदललेली आहे.