आधी शेजाऱ्याच्या दारात



गेल्या उपवासकाळात धर्मशिक्षणाच्या वर्गात चौथीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, म्हशीमुळं हवा बिघडते म्हणं. मग म्हस पापी काय?" वर्ग हसला, मीही हसलो. पण प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो, त्यातून मिथेन वायू तयार होतो आणि बहुतेक ढेकरांवाटे बाहेर पडतो. देवानंच म्हशीला तसं घडवलंय. तिचा काय दोष? पण शेणाचं काय? खड्ड्यात दाबलेलं ओलं शेण हवेवाचून कुजलं की त्यातूनही मिथेन निघतो. 20 वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट उष्णता धरतो. त्याला वास नसतो. डोळ्यांना झोंबतो तो शेणमुतातला अमोनिया.

माझा खड्डा शेजारच्या काकूंच्या भिंतीला लागून. काकूंना दमा. दोनदा त्या म्हणाल्या, "बाळा, खड्डा जरा लांब घे की." मी नुसतं "बघतो" म्हणालो. परड्यात वडिलांनी बांधलेला गोबरगॅस होता. घरात सिलिंडर आल्यापासून बंद.

तो 'दीनबंधू' पद्धतीचा. विटांच्या घुमटाची ही स्वस्त रचना 1984 साली 'अ‍ॅफ्प्रो' या संस्थेनं काढली. ती संस्थाही 1966 साली ख्रिस्ती मंडळींच्याच पुढाकारानं उभी राहिलेली. नाव ऐकताच प्रभू आठवावा. मी मात्र त्या घुमटावर जळण रचलं होतं.

त्या रविवारी मिस्सात अर्पणाच्या वेळी मत्तयच्या शुभवर्तमानातली शिकवण आठवली: वेदीवर दान ठेवण्याआधी दुखावलेल्या भावाशी समेट करायचा असतो. दर शुक्रवारी मी मांस सोडलं होतं, पण पापकबुलीत हा खड्डा कधी आलाच नव्हता.

संध्याकाळी काकूंच्या दारात जाऊन माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "ये आत, चहा घेऊन जा."

पुढच्या आठवड्यात गवंड्याकडून चिरा बुजवून घेतल्या. आता चार जनावरांचं शेण त्यात जातं, गॅस शेगडीत जळतो, मळी रताळ्याच्या शेतात पडते. म्हशींचे ढेकर थांबलेले नाहीत, काकूंचा दमाही गेलेला नाही. पण त्यांची आमच्या बाजूची खिडकी आता उघडी असते.

पुढच्या वर्गात त्या मुलाला सांगितलं, "म्हस पापी नाही रे. चूक तुझ्या सरांची होती."

प्रभो, आमचा खड्डा कुणाच्या भिंतीला लागून आहे, ते आम्हाला दाखव. आमेन.